जुहूची वही

जुहू म्हटलं की आपल्याला काय आठवतं? चौपाटीवरची भेळ, पृथ्वी थिएटर, फार तर अमिताभचा बंगला. पण १९८९ पासून पुढची साधारण पंधरा वर्षं भारताच्या 'डॉट इन' या आडनावाची मूळ वही याच जुहूत होती. गुलमोहर क्रॉस रोडवर एनसीएसटी नावाची एक सरकारी संस्था होती, तिच्याकडे. आपण अंधेरी स्टेशनवरून रिक्षा पकडून जातो ना, तिथेच. आणि याची पाटी कुठेही नाही!

हे आठवायचं कारण असं की, घरी स्वतःचा डीएनएस सर्व्हर चालवतो म्हटलं की ऑफिसातली मित्रमंडळी एकच प्रश्न विचारतात, "त्याने नेट फास्ट होतं का रे?" याचं उत्तर एका ओळीत देता येतं, आणि ते मी शेवटी देणारही आहे. पण ती ओळ पटायची असेल तर मागे जावं लागतं, आणि मागे गेलं की आपण थेट जुहू, पवई आणि प्रभादेवीला पोचतो. तेव्हा शनिवार आहे, चहा घ्या आणि बसा.

आधी अगदी थोडक्यात डीएनएस म्हणजे काय ते. संगणकांना एकमेकांचे आकडे कळतात, आपल्याला नावं लक्षात राहतात. नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. ज्यांच्या घरी एमटीएनएलचा लँडलाइन होता त्यांना हे पटकन कळेल. फोन नंबर शोधायचे तीन मार्ग होते. एक, ती विटेएवढी जाड डिरेक्टरी. दोन, १९७ फिरवून विचारायचं. तीन, फोनशेजारी दोऱ्याला बांधलेल्या पेनासकट ठेवलेली छोटी डायरी, ज्यात एकदा विचारलेला नंबर लिहून ठेवायचा म्हणजे पुन्हा विचारायला नको. इंटरनेटच्या इतिहासात हे तिन्ही मार्ग याच क्रमाने येतात.

सुरुवातीला डिरेक्टरी होती. अमेरिकेतल्या आर्पानेटवर सगळ्या संगणकांची नावं आणि आकडे एकाच फाइलमध्ये असत. फाइलचं नाव होस्ट्स डॉट टीएक्सटी. ती कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या एसआरआय या संस्थेत, एलिझाबेथ फाइनलर यांच्या टीमकडे सांभाळायला होती. नवा संगणक जोडला की त्यांना कळवायचं, त्या फाइलमध्ये भर घालणार, आणि मग सगळ्यांनी ती अख्खी फाइल पुन्हा उतरवून घ्यायची. संगणक शे-दोनशे होते तोवर हे ठीक होतं. ते वाढायला लागले तशी फाइल फुगली, ती मागणारेही वाढले, आणि दुरुस्ती पोचेपर्यंत ती शिळी व्हायला लागली.

१९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी यावर उपाय सुचवला. तो १९८७ मध्ये आरएफसी १०३४ आणि १०३५ या दस्तऐवजांत पक्का झाला, आणि आजही त्याच पायावर सगळं उभं आहे. एक मोठी वही करायचीच नाही. वह्यांची उतरंड करायची. सगळ्यात वरच्या, म्हणजे रूट सर्व्हरला फक्त एवढंच माहीत की 'इन'ची वही कोणाकडे आहे, 'कॉम'ची कोणाकडे. 'इन'वाल्याला त्याच्या खालची नावं माहीत. त्याच्या खालच्याला त्याच्या खालची. ज्याला नाव हवं त्याने वरून खाली विचारत यायचं.

आता कोणीही म्हणेल की प्रत्येक वेळी तीन-चार ठिकाणी विचारायचं तर हे डिरेक्टरीपेक्षाही हळू होईल. बरोबर आहे! म्हणून डायरी ही या रचनेत मुळापासूनच आहे. ती नंतर सुचलेली सोय नाही. मिळालेलं उत्तर जवळ लिहून ठेवायचं, हीच ती कॅश (नोटांची नव्हे, त्या एटीएममध्ये मिळतात :-) ). आणि प्रत्येक उत्तराबरोबर दुधाच्या पिशवीसारखी मुदत येते. तिला टीटीएल म्हणतात, टाइम टू लिव्ह, मोजायची सेकंदांत. मुदत संपली की उत्तर टाकून द्यायचं आणि पुन्हा विचारायचं. मुदत ठरवतो तो नावाचा मालक, डायरी ठेवणारा नव्हे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे येऊ.

एनसीएसटी म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी. टीआयएफआरमधल्या संगणक केंद्रातून १९८५ मध्ये ही वेगळी संस्था झाली. तिचे प्रमुख होते डॉ. श्रीनिवासन रमाणी. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने, संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपीच्या मदतीने, अर्नेट नावाचा प्रकल्प सुरू केला. पाच आयआयटी, बंगलोरची आयआयएससी, जुहूची एनसीएसटी आणि खुद्द तो विभाग, अशा आठ जागा एकमेकींना जोडायच्या होत्या. पहिला दुवा जुळला तो जुहू आणि पवई यांच्यामध्ये, म्हणजे एनसीएसटी आणि आयआयटी बॉम्बे. साधा डायल-अप, टेलिफोनच्या तारेवरून ईमेल. आज जुहूहून पवईला जायला संध्याकाळी जितका वेळ लागतो त्याच्या आत ते पत्र पोचत असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

८ मे १९८९ ला 'डॉट इन' हे आडनाव भारताच्या नावे नोंदलं गेलं आणि त्याची वही एनसीएसटीकडे आली. त्याच वर्षी जुहूहून अमेरिकेच्या व्हर्जिनियातल्या यूयूनेट या कंपनीपर्यंत एक लाइन जोडली गेली. वेग ९.६ किलोबिट्स प्रति सेकंद. देशातल्या सगळ्या मोठ्या तंत्रशिक्षण संस्थांचं बाहेरच्या जगाशी बोलणं या एवढ्याशा नळीतून! त्या काळच्या ईमेल पत्त्यांत एनसीएसटीच्या यंत्रांची नावं दिसतात, 'शक्ती' आणि 'साथी'. नावं ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

या नळीचा जरा हिशोब करू, म्हणजे कॅश कशाशी खाल्ली जाते ते कळेल. ९.६ किलोबिट्स म्हणजे सेकंदाला ९,६०० बिट्स, म्हणजे १,२०० बाइट्स. डीएनएसचं एक उत्तर त्या काळच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ५१२ बाइट्सचं असे. ते नुसतं नळीतून सरकायला ०.४३ सेकंद. म्हणजे ती नळी पूर्ण रिकामी असली, कोणाचीही मेल पुढे अडकलेली नसली, तरी मोठं उत्तर यायला जवळजवळ अर्धा सेकंद. वरून खाली तीन ठिकाणी विचारायचं म्हटलं तर सेकंद-दीड सेकंद फक्त पत्ता शोधण्यात गेला. मजकुराचं एक अक्षरही अजून आलेलं नाही. आणि डिरेक्टरीच्या जुन्या पद्धतीने दहा लाख बाइट्सची फाइल आणायची ठरवली असती तर जवळपास चौदा मिनिटं पूर्ण लाइन अडली असती, आणि तोपर्यंत आठही संस्था हात बांधून बसल्या असत्या.

अमेरिकेत डीएनएस आणि कॅश ही फाइल फुगली म्हणून आलेली सुधारणा होती. आपल्याकडे त्याच्याशिवाय चाललंच नसतं. प्रत्येक पाठ केलेलं उत्तर म्हणजे त्या नळीतली दुसऱ्या कोणासाठी मोकळी झालेली जागा होती. पाणी दोन तास येतं त्या घरात पिंप भरून ठेवतात ना, तसंच. आपल्याकडे पिंप ठेवायची सवय कोणाला शिकवावी लागत नाही.

पुढे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. मोडेमचा तो किंकाळीसारखा आवाज, आणि सेटिंगमध्ये हाताने भरायचे डीएनएसचे २०२.५४ ने सुरू होणारे आकडे, हे आमच्या आधीच्या पिढीतल्या नेटकऱ्यांना अजून पाठ आहेत. मुंबईच्या ग्राहकांच्या ईमेलमध्ये 'जीआयएएस-बीएम-०१' असं काहीतरी लांबलचक यायचं. त्यातला 'बीएम' म्हणजे बॉम्बे. शहराचं नाव त्याच १९९५ सालात मुंबई झालं, पण पत्त्यातला बॉम्बे पुढे बरीच वर्षं जिवंत राहिला. एकदा पाठ झालेलं नाव सुटत नाही, हा या लेखाचा दुसरा मुद्दा, त्यावर येतोच.

आता या काळातली गंमत बघा. समजा १९९९ साली मुलुंडमधल्या एका मुलाने डॉट इनने संपणारं एखादं नाव टाइप केलं, आणि ते नाव त्याच्या कंपनीच्या सर्व्हरच्या डायरीत नाही. मग पहिला प्रश्न रूट सर्व्हरला: 'इन'ची वही कोणाकडे? जगात रूट सर्व्हरची तेरा नावं. त्यातले दहा अमेरिकेत, उरलेले तीन स्टॉकहोम, लंडन आणि टोकियोला. भारतात एकही नाही. म्हणजे प्रश्न समुद्र ओलांडून जाणार, उत्तर येणार की बाबा रे, तुझी मूळ वही जुहूला आहे!

बरं, तिथून जुहूला तरी सरळ जाणार का? तर तेही पक्कं नाही. नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारने खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा द्यायला परवानगी दिली. कंपन्या वाढल्या, पण त्या आपसांत जोडलेल्या असतीलच असं नव्हतं. मग एका भारतीय कंपनीच्या ग्राहकाचा डेटा दुसऱ्या भारतीय कंपनीपर्यंत परदेशातून फिरून जायचा. घाटकोपरहून अंधेरीला जायचं तर व्हाया व्हर्जिनिया. तेव्हा मेट्रो नव्हती हे मान्य, पण हे फारच झालं!

यात लाइन कितीही जाड केली तरी एक गोष्ट बदलत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेत जवळपास १३,००० किलोमीटर. जाऊन येऊन २६,०००. म्हणजे १३० मिलिसेकंद तर निव्वळ अंतराचे झाले. केबल सरळ रेषेत टाकत नाहीत, मध्ये यंत्रं असतात, म्हणून प्रत्यक्षात आकडा त्याच्या बराच वर जातो. नव्वदच्या दशकात अर्नेटने व्हीसॅट, म्हणजे उपग्रहाचे दुवेही वापरले. भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटरवर असतो, तेव्हा प्रश्न वर-खाली आणि उत्तर वर-खाली मिळून अर्धा सेकंद जातोच. बँडविड्थ पैशाने विकत घेता येते. अंतर विकत घेता येत नाही, उत्तर जवळ आणून ठेवणं एवढाच उपाय उरतो.

आणि ते काम २००३ ते २००५ या तीन वर्षांत झालं. जून २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली, भारतातल्या कंपन्यांचा आपसातला डेटा भारतातच बदलून घेण्यासाठी. म्हणजे घाटकोपर-अंधेरी व्हाया व्हर्जिनिया बंद. त्याच साली एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली. २००५ च्या सुरुवातीला 'डॉट इन'ची नोंदणी नव्या, सैल नियमांनी सगळ्यांसाठी खुली झाली आणि वही जुहूहून निक्सीच्या देखरेखीखाली गेली. २००५ मध्येच तीन रूट सर्व्हरच्या प्रती भारतात आल्या: दिल्लीत 'के', चेन्नईत 'एफ' आणि मुंबईत 'आय'. या 'आय' रूटचं मूळ घर स्टॉकहोम. यात ॲनिकास्ट नावाची युक्ती असते. एकच आकडा जगात अनेक ठिकाणी जाहीर करायचा, म्हणजे तुमचा प्रश्न आपोआप त्यातल्या त्यात जवळच्या प्रतीकडे वळतो.

जुहूच्या काळाबद्दल एक आकडा सांगायलाच हवा. १९९२ ते २००४ या बारा-तेरा वर्षांत 'डॉट इन'खाली जेमतेम ७,००० नावं नोंदली गेली. नियम कडक होते, आणि डॉट-कॉमच्या लाटेत जो तो 'कॉम'च्या मागे धावत होता. १९९६ मध्ये आपल्या मुंबईत सुरू झालेलं रेडिफसुद्धा डॉट कॉमच. आणि 'कॉम'ची वही व्हर्जिनियात. आज 'इन'खालची नावं लाखांच्या घरात आहेत. पण त्या ७,००० नावांची वही ज्यांनी मंद लाइनवर, कसलाही गाजावाजा न करता सांभाळली त्यांचं नाव आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? रमाणींना २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत मात्र डीएनएसचा धडा कॅलिफोर्नियात सुरू होतो आणि कॅलिफोर्नियातच संपतो.

आता कॅशची दुसरी बाजू. जवळ ठेवलेलं उत्तर शिळं होतं!

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण डीएनएसमध्ये सापडत नाही, ते लोकलमध्ये सापडतं. १९९६ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनसचं छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस झालं. तरी मुलुंडच्या फलाटावर उभे असलेले काका विचारतात, "ही व्हीटी फास्ट आहे का?" काकांच्या डोक्यातल्या नोंदीचा टीटीएल अनंत आहे. चालतं, कारण ऐकणारी सगळी माणसं आहेत आणि जुनं नाव नव्याशी जुळवून घेतात. यंत्रं जुळवून घेत नाहीत. सर्व्हर नव्या आकड्यावर हलवला आणि लोकांच्या डायऱ्यांत जुना आकडा दोन दिवसांच्या मुदतीने लिहिलेला असला, तर ते दोन दिवस लोक रिकाम्या घराची बेल वाजवत बसणार. म्हणून जाणता ॲडमिन सर्व्हर हलवायच्या दोन-तीन दिवस आधीच टीटीएल पाच मिनिटांवर आणतो, हलवतो, सगळं स्थिर झालं की पुन्हा वाढवतो. घर बदलताना आपण पोस्टमनला आधी सांगून ठेवतो तसं.

'नाही' हे उत्तरसुद्धा लिहून ठेवलं जातं, बरं का. नाव अजून नोंदलेलंच नसताना तुम्ही ते विचारलंत, तर 'असं नाव नाही' हे काही काळ पाठ राहतं. १९९८ च्या आरएफसी २३०८ मध्ये याचे नियम नीट घालून दिले आहेत. नवी साइट सुरू करून लगेच पाच-पाच मिनिटांनी बघणाऱ्यांना आपल्याच घरात ती सगळ्यात उशिरा दिसते, ती यामुळे.

मग मुदत किती ठेवावी? पूर्वी दिवसांत ठेवायचे. आज मोठ्या साइट्स मिनिटांत ठेवतात, कारण त्यांना गर्दीप्रमाणे तुम्हाला या सर्व्हरवरून त्या सर्व्हरवर वळवायचं असतं. असं केलं तर कॅशचा उपयोग संपेल अशी भीती वाटणं साहजिक आहे. यावर २००१ मध्ये एमआयटीत जेयॉन जुंग, हरी बालकृष्णन आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला. त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक, शेवटच्या आकड्याची मुदत काही शे सेकंदांपर्यंत उतरवली तरी कॅशचा फायदा फारसा घटत नाही. खरा फायदा मधली पायरी लक्षात ठेवण्यात आहे, म्हणजे 'इन'ची वही कोणाकडे, अमुक कंपनीची वही कोणाकडे. ती उत्तरं जास्त टिकतात. रूटकडून मिळणाऱ्या या माहितीची मुदत आजही १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असते. दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची: दहा-वीस जणांनी मिळून एक कॅश वापरली की जवळपास सगळा फायदा मिळून जातो, त्यापुढे माणसं वाढवून थोडाच फरक पडतो.

दहा-वीस! आता तुमच्या टू-बीएचकेमधली यंत्रं मोजा. चार फोन, दोन लॅपटॉप, टीव्ही, टॅब, दारावरचा कॅमेरा, तो बोलणारा स्पीकर. म्हणजे आजचं बोरिवलीचं एक घर म्हणजे १९९० ची एक छोटी संस्थाच झाली की. घरातली कॅश उगाच आहे असं आता म्हणता येत नाही.

तर माझं घरचं यंत्र: एक रास्पबेरी पाय, त्यावर अनबाउंड नावाचा रिझॉल्व्हर, म्हणजे वरून खाली विचारत जाणारा प्रोग्राम. नेदरलँड्सच्या एनएलनेट लॅब्सचा, २००८ पासूनचा, फुकट. तो दुसऱ्या कोणाची डायरी मागत नाही, स्वतः रूटपासून विचारत येतो. डायरीत असलेलं उत्तर 'डिग' ही आज्ञा शून्य किंवा एक मिलिसेकंदात दाखवते, वाय-फायवरून दोन-चार धरा. डायरीत नसलेलं उत्तर मात्र काही दशक मिलिसेकंदांपासून काही शतकांपर्यंत, ते नाव कोणाकडे आणि कुठे आहे त्यावर. आणि पावसाळ्यात लाइट गेली की पायची मेमरी पुसली जाते. मग परत आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं सगळं जरा अडखळतं, प्रत्येक नाव नव्याने विचारावं लागतं. याला थंड कॅश म्हणतात. एक छोटा यूपीएस हा यावरचा सगळ्यात चांगला सॉफ्टवेअर पॅच आहे.

दोन सेटिंग्ज जरूर वापरा. एक प्रीफेच: मुदतीचा शेवटचा दहावा हिस्सा उरला असताना कोणी ते नाव विचारलं तर जुनं उत्तर लगेच द्यायचं आणि मागच्या मागे ताजं आणून ठेवायचं. दुसरं सर्व्ह-एक्स्पायर्ड: मुदत संपली, पण मूळ मालकच उत्तर देत नसेल, तर शिळं का होईना ते द्यायचं. २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या डीएनएस कंपनीवर मोठा हल्ला झाला आणि ट्विटरसकट अनेक साइट्स तासन्‌तास गायब झाल्या. त्या साइट्सचे सर्व्हर धडधाकट होते, फक्त त्यांचा पत्ता सांगणारं कोणी उरलं नव्हतं. शिळी भाकरी उपाशी राहण्यापेक्षा बरी, हे आपल्या आज्ज्यांना माहीत असलेलं तत्त्व २०२० मध्ये आरएफसी ८७६७ मध्ये लिहिलं गेलं.

आता तो प्रश्न. नेट फास्ट होतं का?

एका ओळीत: थोडं होतं, पण त्यासाठी एवढा खटाटोप करू नका. १९८९ मध्ये जुहूत कॅशने अर्धा-एक सेकंद वाचत होता. आज तुमच्या इंटरनेट कंपनीचा सर्व्हर शहरातच असतो, रूटची प्रत मुंबईत आहे, ब्राउझर स्वतःची डायरी ठेवतो, ऑपरेटिंग सिस्टिम तिची वेगळी. वेगाची मोठी लढाई ज्यांनी जिंकायची त्यांनी २००५ पर्यंत जिंकून ठेवली आहे. आपल्या वाटणीला काही मिलिसेकंद उरलेत. शिवाय नाव पटकन सापडलं म्हणजे पान पटकन येतं असंही नाही. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल्स तुटल्या आणि भारताचं इंटरनेट रखडलं, तेव्हा सातासमुद्रापलीकडच्या साइटचा पत्ता खिशात असून काही उपयोग नव्हता.

मग मी हे का चालवतो? कारण कॅश म्हणजे शेवटी विश्वास आहे. कोणीतरी सांगितलेलं मी इतका वेळ खरं धरून चालणार, असा तो करार. जुलै २००८ मध्ये डॅन कॅमिन्स्कीने दाखवून दिलं की अनोळखी माणूस दुसऱ्याच्या डायरीत खोटा आकडा लिहून जाऊ शकतो, आणि मग त्या डायरीवर विसंबलेले हजारो लोक बँकेच्या नावाने भलत्याच दारात जाऊन उभे राहतील. जगभरच्या कंपन्यांनी धावपळ करून ते भोक बुजवलं. १५ जुलै २०१० ला रूटच्या उत्तरांवर सही आली, म्हणजे डीएनएससेक. अनबाउंड ती सही घरच्या घरी तपासतो. मी ज्यांचं नेट वापरत आलो त्यातल्या एका कंपनीचा सर्व्हर, नसलेलं नाव विचारलं की 'नाही' म्हणण्याऐवजी स्वतःच्या जाहिरातींच्या पानाचा आकडा द्यायचा. १९७ ला नंबर विचारावा आणि त्यांनी नंबर नाही म्हणून आपल्या मेव्हण्याच्या दुकानाचा नंबर द्यावा तसं! मुदत मालकाने ठरवायची असते आणि उत्तरही मालकाचंच असायला हवं, मधल्याचं नव्हे.

पण वही घरी आली की जबाबदारीही घरी येते, आणि त्याबद्दल आपण इंजिनिअर लोक फारसं बोलत नाही. त्या यंत्रात घरातल्या प्रत्येकाने कधी कोणतं नाव विचारलं याची यादी तयार होते. बायकोने कोणत्या डॉक्टरचं पान उघडलं, धाकट्या भावाने कोणत्या नोकरीची साइट पाहिली, वडील रात्री दोन वाजता काय शोधत होते. ही यादी इतके दिवस कोणा अनोळखी कंपनीकडे जमू शकत होती, ते वाईटच. पण ती आता घरातल्या एका माणसाच्या हातात आली, आणि त्या माणसाला ग्राफ बघायची आवड आहे, हे त्याहून बरं आहे असं मला खात्रीने म्हणता येत नाही. माझ्याकडे लॉग बंद आहे. एकूण किती प्रश्न आले आणि त्यातल्या किती उत्तरांना कॅश पुरली, एवढेच आकडे ठेवतो. तुम्ही बसवलंत तर पहिल्याच दिवशी हे सेटिंग बदला, आणि घरात सांगूनही टाका.

जुहूच्या वहीबद्दल मला आदर वाटतो तो याचसाठी. ९.६ किलोबिट्सच्या लाइनवर लोक थांबायचे, पण नाव विचारलं की मालकाने दिलेलंच उत्तर मिळायचं, मधल्या कोणाचं नाही. आज मिलिसेकंद भरपूर आहेत. ही दुसरी गोष्ट मात्र अजूनही मागून आणि तपासून घ्यावी लागते.

असो. पुढच्या शनिवारी अनबाउंडची कॉन्फिगरेशन फाइल ओळीओळीने बघू. तोपर्यंत जुहूला गेलात, तर भेळ खाऊन झाल्यावर गुलमोहर क्रॉस रोडवरून एक चक्कर मारा. बघण्यासारखं काही नाही. पण देशाचं आडनाव पंधरा वर्षं तिथे राहत होतं.